पिकअपचं चुंबक किती जोरकस हवं?

गिटारची सगळ्यात जाड तार बाराव्या फ्रेटच्या पुढे कुठेतरी दाबा आणि जोरात छेडा. सूर सरळ न चालता हेलकावे खातोय, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही, एकाच तारेतून दोन सूर निघताहेत असं वाटतंय? ट्यूनिंग तपासून झालं, ब्रिजवर इंटोनेशन लावून झालं, नव्या तारा चढवल्या, तरी तेच. आता स्क्रूड्रायव्हर घ्या आणि नेकजवळचा पिकअप, म्हणजे तारांखालचा चुंबक आणि कॉइलचा भाग, दीड-दोन मिलिमीटर खाली उतरवा. पुष्कळदा तो हेलकावा तिथल्या तिथे नाहीसा होतो. तारेत दोष नव्हता, गिटारमध्येही नव्हता. पिकअपचं चुंबक तारेला खाली ओढत होतं.

चुंबकाच्या ताकदीबद्दल गिटारवाल्यांमध्ये भरपूर बोललं जातं, आणि ते बोलणं बहुधा तीन वाक्यांत संपतं: अल्निको २ मऊ, अल्निको ५ चमकदार, सिरॅमिक कर्कश. अल्निको आणि सिरॅमिक हे चुंबकाचे पदार्थ. ही वाक्यं अगदीच खोटी नाहीत. पण त्यामागचं कारण म्हणून चुंबकाच्या ताकदीकडे बोट दाखवलं जातं, तिथे घोटाळा होतो. माझं म्हणणं असं आहे: ताकद ठरवते आवाजाची पातळी आणि तारेचं वागणं. स्वराचा रंग मुख्यतः कॉइल (वायरच्या वेढ्यांची गुंडाळी), केबल आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे रोधक) मिळून ठरवतात. हे एकदा नीट कळलं की नवा पिकअप विकत घेण्याआधी काय करून बघायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठे थांबायचं, हे आपोआप सुचत जातं.

चुंबक तिथे कशासाठी असतं

कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात विद्युतदाब तयार होतो, हे मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलं. नुसतं चुंबक कॉइलपाशी ठेवलं तर काहीच होत नाही, बदल हवा. तो बदल तार करते. तार पोलादाची असते, त्यामुळे पिकअपवर येणारा तिचा भाग चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःच छोटं चुंबक बनतो. हे छोटं चुंबक हललं की कॉइलमधलं क्षेत्र हलतं आणि सिग्नल निघतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पिकअपचं चुंबक जितकं जोरकस, तितकी तार जास्त चुंबकित होते आणि तितका सिग्नल मोठा मिळतो. हे प्रमाण जवळजवळ सरळ आहे: तारेपाशी पोचणारं क्षेत्र दुप्पट झालं तर सिग्नल दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. दुसरी गोष्ट, 'तारेपाशी पोचणारं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चुंबक आतून कितीही दणकट असो, तारेला फक्त तिच्या जागी जे क्षेत्र पोचतं तेवढंच कळतं.

कांस्याचं वेष्टण असलेल्या अकूस्टिक तारा इलेक्ट्रिक गिटारवर लावल्या तर जाड तारा बारीक का ऐकू येतात, त्याचं उत्तरही इथेच आहे. कांस्य चुंबकित होत नाही. आतली पोलादी तार तेवढी बोलते.

ताकद वाढली की काय काय बदलतं

पातळी वाढते, हे झालंच. सळईच्या चुंबकांच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये अल्निको ५ असेल तर सळईच्या टोकावर साधारण १,००० गाउस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) किंवा थोडं जास्त मोजमाप मिळतं. अल्निको २ किंवा ३ असेल तर साधारण ६०० ते ८००. समजा एक पिकअप १,१०० चा आणि दुसरा ७०० चा. बाकी सगळं सारखं असेल तर दोघांच्या पातळीत सुमारे ४ डेसिबलचा फरक पडेल. हा फरक लहान नाही. ॲम्प आवाज फाटण्याच्या उंबरठ्यावर ठेवलेला असेल, तर ४ डेसिबलमध्ये तो स्वच्छ आवाजातून खरखरीत आवाजात जातो. 'जोरकस चुंबकाचा टोन आक्रमक असतो' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ॲम्पवर पडलेला हा जास्तीचा दाब ऐकत असतो.

कानाचीही एक खोड आहे. दोन आवाजांतला जो थोडा मोठा, तो आपल्याला जास्त स्पष्ट आणि भरीव वाटतो. पातळी सारखी न करता केलेली कोणतीही तुलना चुंबकाबद्दल काहीच सांगत नाही, एवढंच मी ठामपणे म्हणेन.

दुसरा बदल खेचीचा. चुंबक तारेला खाली ओढतं, आणि ही ओढ ढोबळमानानं क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्षेत्र दुप्पट झालं की सिग्नल दुप्पट होतो, पण खेच चौपट होते. त्यामुळे थोडीशी पातळी मिळवण्याच्या नादात खेच फार पुढे निघून जाते. तार पिकअपच्या जवळ आली की खेच वाढते, लांब गेली की कमी होते. म्हणून वर-खाली होणारं कंपन किंचित मंदावतं. आडव्या दिशेनं होणाऱ्या कंपनावर तेवढा परिणाम होत नाही. एकाच तारेच्या दोन दिशांची वारंवारता वेगळी झाली की त्या एकमेकींशी झुंजतात, आणि सुरुवातीला सांगितलेला हेलकावा ऐकू येतो. जाड तारांवर, वरच्या फ्रेटवर आणि नेकच्या पिकअपपाशी हे सगळ्यात जास्त जाणवतं, कारण तिथे तार मोठा झोका घेते आणि वरच्या फ्रेटवर दाबली की पिकअपच्या अधिक जवळ येते. सुराची आस लवकर तुटते, कॉर्ड वाजवली तर ती कितीही लावली तरी सुरात बसत नाही.

तिसरा बदल सूक्ष्म आहे: छेडल्या छेडल्या येणारा पहिला ठोका. तार पिकअपच्या अगदी जवळ असेल तर तिच्या मोठ्या झोक्यात क्षेत्र सरळ प्रमाणात बदलत नाही, आणि सिग्नलमध्ये तारेत नसलेले वरचे स्वर मिसळतात. पिकचा आघात टोकदार वाटतो. काहींना तो हवा असतो, विशेषतः ब्रिज पिकअपवर. यात योग्य-अयोग्य काही नाही, पण तो कशामुळे येतो हे माहीत असलेलं बरं.

ताकदीनं काय बदलत नाही

पिकअपचा मूळ रंग, म्हणजे तो कोणत्या वारंवारतेला उठाव देतो आणि कुठून पुढे आवाज कापतो, हे कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) आणि एकूण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून ठरवतात. एक हिशेब करून पाहू. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री धरा, पिकअपची स्वतःची धारिता ११० पिकोफॅरड आणि केबलची दर मीटरला १०० पिकोफॅरड. ५ मीटरच्या केबलवर उठावाचं शिखर साधारण ४,१५० हर्ट्झला येतं. तोच पिकअप ३ मीटरच्या केबलवर लावला तर ते ५,०५० हर्ट्झच्या आसपास जातं. चुंबकाला हातही न लावता आवाज स्पष्टपणे उजळतो.

मग अल्निको ३ आणि अल्निको ५ चा रंग वेगळा वाटतो तो निव्वळ भास? नाही. सळईच्या पिकअपमध्ये चुंबक हाच कॉइलचा गाभा असतो. अल्निको २ आणि ३ ची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र सहज वाहू देण्याचा गुण) अल्निको ५ पेक्षा जास्त आहे, त्यामुळे तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स थोडा जास्त भरतो आणि शिखर थोडं खाली सरकतं. मिश्रधातूचा हा गुण आहे, ताकदीचा नाही. वरच्या उदाहरणात इंडक्टन्स १० टक्क्यांनी कमी झाला तर शिखर ४,१५० वरून ४,४०० च्या जवळ जाईल. कानाला कळेल एवढा हा फरक आहे, पण दोन मीटर केबलनं केलेल्या फरकापेक्षा लहान. हंबकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, चुंबकाची पट्टी कॉइलच्या खाली असते आणि गाभा पोलादी स्क्रू आणि खुंट्यांचा असतो, म्हणून पट्टी बदलून इंडक्टन्सवर होणारा परिणाम आणखी कमी. सिरॅमिकची पारगम्यता जवळपास हवेएवढीच असते आणि त्यातून वीज वाहत नाही; त्यामुळे सिरॅमिक पट्टी घातल्यावर वरचा भाग किंचित मोकळा होतो.

ताकद आणि चमक यांचा थेट संबंध नाही हे पटवायला दोन टोकाची उदाहरणं पुरेशी आहेत. जुन्या स्वस्त गिटारमधले गोल्ड फॉइल पिकअप पाहा: रबरात मिसळलेलं, ताकदीनं अगदी साधं चुंबक, आणि तरी आवाज खुला, झणझणीत, कारण कॉइल हलकी. उलट बाजूला दिमार्झिओ कंपनीचा १९७२ चा सुपर डिस्टॉर्शन पिकअप: सिरॅमिक चुंबक, पण वेढे इतके जास्त की आवाज मध्यभागी जाड आणि वरून झाकलेला.

चुंबकांची घराणी

१९३१ मध्ये जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचं जोरकस चुंबकीय मिश्रधातू शोधलं. त्यातूनच पुढे अल्निको कुटुंब उभं राहिलं. नावात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांची पहिली अक्षरं आहेत. गंमत अशी की अल्निको ३ मध्ये कोबाल्ट नसतोच. साधारण त्याच काळात जॉर्ज बोशॅम्प यांचा घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चुंबकांचा पिकअप रिकनबॅकरच्या 'फ्राइंग पॅन' गिटारवर आला. फेंडरच्या १९५० च्या सुरुवातीच्या गिटारमध्ये अल्निको ३ च्या सळया सापडतात. स्ट्रॅटोकास्टरची ओळख झाली ती अल्निको ५ बरोबर. गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी केलेला हंबकर १९५७ पासून गिटारवर बसू लागला, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात अल्निको २, ३, ४, ५ असं जे मिळेल ते वापरलं गेलं. त्या काळचे दोन पिकअप सारखे वाजत नाहीत, याचं हे एक कारण. वेढ्यांची अनियमित संख्या हे दुसरं, आणि माझ्या मते जास्त मोठं.

आकड्यांत बोलायचं तर पदार्थात शिल्लक राहणारं चुंबकत्व अल्निको ५ मध्ये साधारण १२,५०० गाउस, अल्निको २ मध्ये ७,५००, अल्निको ३ मध्ये ७,०००, अल्निको ८ मध्ये ८,००० च्या थोडं वर, आणि सिरॅमिकमध्ये ३,८०० ते ४,०००. हे वाचून सिरॅमिक सगळ्यात कमजोर वाटेल. मग त्याला जोरकस का म्हणतात?

कारण प्रत्येक चुंबक स्वतःच्याच विरुद्ध थोडं क्षेत्र निर्माण करतं, आणि दोन ध्रुवांमधलं अंतर जितकं आखूड तितकं हे विरोधी क्षेत्र मोठं. अल्निकोत चुंबकत्व भरपूर असतं, पण ते धरून ठेवण्याची चिवटता कमी: अल्निको ५ मध्ये सुमारे ६४० ओर्स्टेड (या चिवटतेचं एकक), तर चांगल्या सिरॅमिकमध्ये ३,००० च्या जवळ. हंबकरची पट्टी तिच्या रुंदीतून, म्हणजे जेमतेम १२-१३ मिलिमीटर अंतरात चुंबकित केलेली असते. तिथे अल्निको स्वतःचाच बराचसा जोर गमावतं, सिरॅमिक गमावत नाही. अल्निको ८ ची चिवटता १,६०० च्या वर असल्यामुळे पट्टीच्या रूपात ते अल्निको ५ पेक्षा जोरकस ठरतं. आणि फेंडरच्या सळया लांबुळक्या आहेत, म्हणून तिथे अल्निको ५ आपला पूर्ण जोर दाखवू शकतं. पदार्थाचं नाव आणि पिकअपचा जोर यांच्यामध्ये चुंबकाचा आकार उभा असतो, हे नेहमी लक्षात ठेवा.

आधी उंची, मग बाकीचं

आता कामाला लागू. चुंबकाच्या सळईपासून तार २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरवर नेली, तर तारेपाशी पोचणारं क्षेत्र साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त घटतं. वर पाहिलेला १,१०० आणि ७०० गाउसचा फरकही जवळपास तेवढाच आहे. म्हणजे अल्निको ५ वरून अल्निको ३ वर जाण्यानं पातळीत आणि खेचीत जो बदल होतो, तो बहुतांशी एका मिलिमीटरच्या स्क्रूमध्ये आहे, फुकट आणि परत फिरवता येईल असा.

सहावी आणि पहिली तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपीसच्या (तारेखालच्या सळईच्या किंवा स्क्रूच्या) माथ्यापर्यंतचं अंतर फूटपट्टीनं मोजा. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते, म्हणून प्लास्टिकची असेल तर उत्तम. फेंडरच्या नेहमीच्या सिंगल कॉइलसाठी कंपनीचं सुरुवातीचं माप जाड तारेकडे २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे १.६ मिलिमीटर आहे. जुन्या धाटणीच्या पिकअपसाठी २.४ आणि २. गिब्सनच्या हंबकरसाठी नेककडे २.४ आणि ब्रिजकडे १.६. हे शेवटचं उत्तर नाही, फक्त निघायचं ठिकाण आहे.

इथून मी असं करतो. नेकचा पिकअप आधी पुरता खाली नेतो, अगदी आवाज मरगळेपर्यंत. मग अर्धा-अर्धा फेरा वर आणत प्रत्येक वेळी सहावी तार पंधराव्या फ्रेटवर आणि नंतर मोकळी वाजवतो. हेलकाव्याची पहिली चाहूल लागली की तिथून एक पूर्ण फेरा मागे. ही झाली त्या पिकअपची कमाल उंची. त्यानंतर ब्रिजचा पिकअप नेकच्या पातळीशी जुळेपर्यंत वर घेतो. ब्रिजपाशी तार कमी हलते, त्यामुळे तो नेहमीच जास्त जवळ लागतो. उलट क्रमानं, म्हणजे ब्रिजपासून सुरुवात करून नेक त्याच्याशी जुळवायला गेलात, तर नेकचा पिकअप नको तितका वर येतो आणि खेच परत डोकं वर काढते.

तिसरी तार एकटीच ओरडत असेल तर चुंबकावर राग काढू नका. स्ट्रॅटोकास्टरच्या कमी-जास्त उंचीच्या सळया ठरल्या तेव्हा तिसरी तार वेटोळी असायची. आज ती साधी पोलादी असते आणि त्या उंच सळईवर फार मोठी वाजते. पिकअप थोडा तिरका करून यातलं काही निभावून नेता येतं, सगळं नाही.

माझा अनुभव सांगायचा तर पिकअप 'फार तिखट' म्हणून बदलायला निघालेल्या गिटारपैकी बऱ्याच गिटारचं समाधान इथेच झालं.

मोजायचं असेल तर

ओममध्ये दाखवला जाणारा कॉइलचा रोध म्हणजे पिकअपची ताकद नाही. कॉइलच्या वायरची जाडी बदलली की तेवढ्याच वेढ्यांचा रोध बदलतो, आणि चुंबकाबद्दल तर तो अवाक्षर काढत नाही. कॉइल तुटलेली नाही ना, एवढंच त्यावरून पाहावं.

खरं मोजमाप गाउसमीटरनं होतं. संवेदक पोलपीसच्या माथ्यावर सपाट टेकवा, सहाही ठिकाणी आकडा घ्या आणि ध्रुवाची खूण लिहून ठेवा. सळयांच्या पिकअपमध्ये एखादीच सळई शेजारणींपेक्षा बरीच खाली असेल, तर कधीतरी दुसरं चुंबक तिच्याजवळ आलेलं असतं. नुसत्या वयानं अल्निको फारसं ढळत नाही. विरुद्ध क्षेत्रानं ढळतं. हंबकरच्या स्क्रूवर काहीशे गाउसच दिसतील. त्याची सिंगल कॉइलच्या हजाराशी तुलना करू नका. तिथे चुंबक खाली आहे आणि पोलाद ते क्षेत्र फक्त वर वाहून आणतं.

गाउसमीटर नसेल तर मोबाइलमधला चुंबकीय संवेदक उपयोगी पडतो, पण तो थोड्याच मिलिटेस्लानं भरून जातो, आणि १,००० गाउस म्हणजे १०० मिलिटेस्ला. म्हणून पिकअप काही सेंटिमीटर दूर, दर वेळी त्याच अंतरावर ठेवून 'आधी आणि नंतर' अशी तुलनाच करा. ध्रुव ओळखायला साधं होकायंत्र पुरतं. आणि पट्टी अल्निकोची की सिरॅमिकची हे कळत नसेल तर मल्टिमीटरच्या दोन सुया तिच्या दोन टोकांना लावा: अल्निकोतून वीज वाहते, सिरॅमिकमधून नाही.

हंबकरची पट्टी बदलणं

उंची लावून झाली, केबल आणि पॉट तपासून झाले, तरी पिकअप हवा तसा बोलत नाही. आता पट्टी बदलायला हरकत नाही. हे काम तासाभराचं आहे आणि पुन्हा पूर्ववत करता येतं.

१. पिकअपचा आधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि उंची मोजून लिहा. हे न करता पुढे गेलात तर तुलना कशाशी करणार?

२. तारा सैल करून पिकअप चौकटीसकट बाहेर काढा. वायर पुरेशी लांब असेल तर सोल्डर काढायची गरज नाही. धातूचं झाकण असेल तर त्याचे दोन सोल्डरचे ठिपके आधी सोडवावे लागतील. तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिथे रेंगाळू देऊ नका.

३. पिकअप उलटा करा. खालच्या पत्र्याचे चार स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. बॉबिन (कॉइल ज्यांवर गुंडाळतात ते साचे) किंचित उचलल्या जातील एवढंच अंतर हवं. कॉइलभोवतीची चिकटपट्टी शक्य असेल तर तशीच राहू द्या. आतली वायर केसापेक्षा बारीक असते, साधारण ०.०६ मिलिमीटर, आणि तिला नखही लागायला नको.

४. जुन्या पट्टीच्या स्क्रूकडच्या कडेला मार्करनं खूण करा आणि तो ध्रुव होकायंत्रावर तपासून लिहा. मगच ती लाकडी काडीनं किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं ढकलून बाहेर सरकवा. पोलादी स्क्रूड्रायव्हर इथे झटक्यात चिकटतो आणि कॉइलमध्ये घुसू शकतो.

५. पिकअप मेणात बुडवलेला असेल तर पट्टी हलणार नाही. हेअर ड्रायरनं लांबून हळूहळू ऊब द्या. मेण सुमारे ६५ अंशांना सैल होतं. त्याहून फार वर गेलात तर बॉबिनचं प्लास्टिक वाकतं.

६. नवी पट्टी त्याच ध्रुवाच्या दिशेनं सरकवा. ती एका बाजूनं पोलादी खुंट्यांना आणि दुसऱ्या बाजूनं स्क्रूखालच्या पोलादी पट्टीला नीट टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली की विकत घेतलेला जोर वाटेतच गळतो. सिरॅमिकच्या पट्ट्या अनेकदा जाड असतात. मागवण्याआधी जुनीची लांबी, रुंदी, जाडी मोजा. खुंट्यांच्या बॉबिनखाली आधाराची लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी असते, ती जागची पडली असेल तर परत बसवा.

७. स्क्रू आळीपाळीनं आवळा, तारा चढवण्याआधी ॲम्पला जोडून प्रत्येक पोलवर स्क्रूड्रायव्हरनं हलकं टिचकवा. आवाज आला की कॉइल जिवंत आहे.

एकदा मी खूण न करता पट्टी बदलली होती. पिकअप एकटा वाजवला तेव्हा सगळं ठीक होतं. दोन्ही पिकअप एकत्र केले आणि आवाज अचानक पोकळ, नाकातला, खर्ज नसलेला आला. पट्टी उलटी बसली होती, दोन पिकअप एकमेकांना कापत होते. तुमच्याकडे असा आवाज आला तर घाबरू नका, पट्टी फिरवून घाला.

पी-९० या जाड सिंगल कॉइल पिकअपमध्ये चुंबकाच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांचे सारखेच ध्रुव मधल्या स्क्रूंकडे तोंड करून असतात, म्हणजे त्या एकमेकींना ढकलतात. एक आधी बसवून बोटानं दाबून धरा, मग दुसरी.

कोणती पट्टी घ्यावी? आवाज घट्ट, खर्ज आवळलेला हवा असेल आणि पातळीही वाढवायची असेल तर अल्निको ५ किंवा ८. ॲम्पचा आवाज लवकर फाटतोय आणि पिकला थोडं मऊ उत्तर हवं असेल तर २ किंवा ३. नेकसाठी कमी जोराची आणि ब्रिजसाठी जास्त जोराची, ही जुनी जोडी मला अजून सगळ्यात शहाणपणाची वाटते. नेकपाशी तार आधीच मोठी हलते. तिथे जास्तीचा जोर फक्त खेच वाढवतो.

सळयांच्या पिकअपला वेगळी वागणूक

सिंगल कॉइलच्या सळया ढकलून काढायचा विचार सोडून द्या. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये वायर थेट सळयांवर गुंडाळलेली असते. सळई सरकली की कॉइल तुटते आणि पिकअप कायमचा गप्प होतो. इथे चुंबक बदलायचं नसतं, त्याचा भार कमी-जास्त करायचा असतो. अल्निको हे करू देतं. सिरॅमिक नाही, त्याला घरच्या साधनांनी हलवता येत नाही.

जोर कमी करायला एक निओडिमियमचा ठोकळा लागतो. पिकअप गिटारमधून काढून लाकडी टेबलावर ठेवा. ठोकळ्याची जी बाजू सळयांना ढकलते ती खाली करा. साधारण ४ सेंटिमीटर उंचीवरून पूर्ण पिकअपवरून एकदा संथपणे फिरवा, दूर न्या, मोजा. काही फरक नसेल तर अर्धा सेंटिमीटर खाली येऊन पुन्हा. घाई केली आणि ठोकळा सळईला टेकला, तर तिचा ध्रुव उलटू शकतो. ९०० गाउसच्या आसपास थांबा, पिकअप परत बसवा, आठवडाभर वाजवा. लगेच ६०० वर नेऊ नका. सगळ्या सळया सारख्या उतरल्या पाहिजेत, नाहीतर एक तार मागे पडेल.

पुन्हा भरायचं असेल तर दोन निओडिमियमचे ठोकळे समोरासमोर पक्के बसवून मधून पिकअप सरळ रेषेत न्यावा लागतो, आधीचा ध्रुव राखून. दोन ठोकळे सुटले तर बोट चेंगरतं, आणि पेसमेकर असलेल्या माणसानं या टेबलाजवळ येऊ नये. मधला पिकअप उलट ध्रुवाचा असेल, तर तो त्याच्याच दिशेनं भरायचा, बाकीच्यांच्या नाही.

ऐकून निवाडा करताना

आधीचं रेकॉर्डिंग ॲम्पमधून नको, थेट घ्या. तीच केबल, तोच पिक, तीच छेडण्याची जागा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. नंतरचंही तसंच. मग दोन्हींची सरासरी पातळी सारखी करा आणि कुणाला तरी ते उलटसुलट क्रमानं लावायला सांगा, कोणतं कुठलं हे न सांगता. पाच-सहा वेळा ऐकून तुम्हाला ते ओळखता आलं, तर रंगात खरा फरक आहे. ओळखता आलं नाही पण वाजवताना मात्र वेगळं वाटतं, तर तो फरक पातळीचा आणि खेचीचा आहे, आणि तोही खराच आहे: बोटांना जाणवतो, स्वर किती वेळ टिकतो त्यात दिसतो.

दुसरी चाचणी पातळी सारखी न करता, तुमच्या नेहमीच्या ॲम्पवर. तिथे जो आवडेल तो ठेवा, पण आधी जोरकस पिकअप अर्धा मिलिमीटर खाली नेऊन पाहा. शेवटी जे ठरेल त्याची उंची आणि गाउसचे आकडे एका चिकटपट्टीवर लिहून पिकअपच्या पोकळीत आतल्या बाजूला लावून ठेवा. पुढच्या वेळी तारा बदलताना स्क्रू हलला, तर परत कुठे यायचं ते तिथेच लिहिलेलं असेल.